पुलाच्या चढावर

शनिवार, रात्री साडेदहा. माँटगोमेरी.

लेक झोपली. मला काही झोप येईना. उद्या अटलांटाला परत आणि परवा ऑफिस, म्हणजे हे लिहायचं राहूनच जाईल. म्हणून आत्ताच बसले.

आज सेल्मा पाहिलं, काळ्या लोकांच्या मतदान हक्काच्या लढ्याचं अलाबामातलं गाव. पाहिलं म्हणण्यापेक्षा एका माणसाने हाताला धरून दाखवलं. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, तिथेच जन्मलेले. ७ मार्च १९६५ ला, त्या हक्कासाठी निघालेल्या मोर्च्यावर पोलीस तुटून पडले त्या दिवशी, ते तेरा वर्षांचे होते, बरोब्बर माझ्या लेकीएवढे. ब्राउन चॅपल या चर्चसमोर ते आमची वाट बघत उभे होते. लाल विटांचं चर्च, दोन उंच मनोरे. शेजारच्या वसाहतीतच ते वाढले.

सुरुवात त्यांनी मोर्च्यापासून केली नाही, आईपासून केली. सेल्मा ज्या जिल्ह्यात येतं त्या डॅलस काउंटीत तेव्हा निम्मे लोक काळे, पण त्यातल्या जेमतेम दोन टक्क्यांचं नाव मतदारयादीत. नोंदणीचं ऑफिस महिन्यातून दोनच सोमवारी उघडायचं. आई त्या दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभी राहायची. लांबलचक फॉर्म, राज्यघटनेवरचे प्रश्न आणि वर आधीच्या एखाद्या मतदाराची हमी आणायची. एवढं करूनही पास-नापास ठरवणार खिडकीतला माणूस. "आई तीनदा गेली आणि तीनदा परत आली. घरी आल्यावर चांगला पोशाख घडी करून ठेवायची, पुढच्या वेळेसाठी." हे सांगताना त्यांनी हवेत दोन्ही हातांनी घडी घातली. नागरिकत्व मिळाल्यावर मी मतदार म्हणून नाव नोंदवलं ते दहा मिनिटांत, मोबाइलवरून. तेव्हा कोणाची आठवणसुद्धा झाली नव्हती.

मग एडमंड पेटस पूल. ते म्हणाले, आता बोलायचं नाही, दोघं-दोघं चालायचं, आम्ही चाललो तसं. पूल मधोमध उंच आहे. अलीकडून चढताना पलीकडचं काहीच दिसत नाही, फक्त आभाळ आणि खाली अलाबामा नदी. फोटोत हे कधी लक्षात आलं नव्हतं. माथ्यावर आल्यावर ते थांबले. "इथून दिसले." हेल्मेट घातलेल्या पोलिसांची रस्ताभर रांग, शेरिफचे घोडेस्वार. मागे सुमारे सहाशे माणसं, पुढे मोर्च्याचे नेते जॉन लुईस आणि होजिया विल्यम्स. मागे फिरा म्हणून सांगितलं आणि थोड्याच वेळात लाठ्या, अश्रुधूर, घोडे. मारहाणीबद्दल ते फारसं बोललेच नाहीत. धुरात एका अनोळखी बाईने त्यांचा हात पकडला आणि चर्चपर्यंत सोडला नाही. तिच्या अंगठीचा वळ बोटावर कित्येक दिवस होता, म्हणाले. ती कोण होती ते आजतागायत कळलेलं नाही. लेकीने तिथे माझा हात धरला. एरवी रस्त्यात हात धरायला लाजते ती.

ज्याच्या नावाचा पूल, तो पेटस गुलामगिरी टिकवायला लढलेल्या फौजेतला जनरल, पुढे सिनेटर. ते नाव अजून तिथे ठळक अक्षरांत आहे. मला संताप आला.

पुढचं सगळं पुस्तकांत आहेच. २१ मार्चला पुन्हा निघालेला मोर्चा, ८७ किलोमीटरची चाल, २५ तारखेला इथे माँटगोमेरीत जमलेले पंचवीस हजार लोक, ६ ऑगस्टला झालेला मतदान हक्काचा कायदा. ते त्यांनी भराभर सांगितलं. आवाज चढला तो २०१३ वर आल्यावर. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा कणाच काढून घेतला. मतदानाचे नियम बदलण्याआधी या राज्यांना केंद्राची परवानगी घ्यावी लागायची, ते बंधन गेलं. खटलाही अलाबामातल्याच एका काउंटीचा.

दुपारी ते आमच्याच गाडीत पुढे बसले आणि हायवे ८० ने लाउन्ड्स काउंटीत आलो. इथे तेव्हा दर पाच माणसांत चार काळे, आणि १९६५ च्या सुरुवातीला त्यांच्यात मतदार एकही नाही. नाव नोंदवलं म्हणून जमीनमालकांनी कुळांना घराबाहेर काढलं, ती कुटुंबं या रस्त्याकडेला तंबूत राहिली. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. वाचता न येणाऱ्यांसाठी चिन्ह लागतं, हे आपल्याला समजावून सांगायला नको. गोऱ्यांच्या पक्षाचं चिन्ह कोंबडा होतं. यांनी घेतला काळा पँथर. १९६६ ची निवडणूक ते हरले, पण तो पँथर कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला गेला आणि तिथल्या काळ्या तरुणांनी आपल्या संघटनेला तेच नाव घेतलं, ब्लॅक पँथर.

मी तिथेच थबकले. बाबा वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले. 'पँथर' हा आमच्या घरात रोजचा शब्द. अमका पँथरमध्ये होता, तमका पँथरच्या सभेला यायचा. बाबांच्या कपाळावर टाक्यांची खूण होती. विचारलं की "चौऱ्याहत्तरच्या दंगलीत लागलं" एवढंच म्हणायचे आणि पेपर पुढे ओढायचे. मीही दुसरा प्रश्न कधी विचारला नाही. आता बाबा नाहीत.

त्या गृहस्थांना हे सांगितलं. १९७२, मुंबई, ओकलंडच्या पँथरवरूनच घेतलेलं नाव, नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून छोटी वही काढली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, लिहून दे. मी 'दलित पँथर' लिहिलं, खाली त्यांना वाचता येईल असं इंग्रजीत. 'दलित'मधला त त्यांना जमेना. लेकीने चारदा म्हणून दाखवला. पाचव्यांदा जमला.