नापास नियम कुठे गेले?

बडोद्यातील एका नागरी सहकारी बँकेत माहिती सुरक्षेचे काम माझ्याकडे आहे आणि त्यातला बराचसा वेळ निकाल वाचण्यात जातो. दर तिमाहीला बँकेच्या सर्व सर्व्हरवर स्कॅनर चालवला जातो. सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटी ही संस्था निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी सुरक्षित सेटिंगचे जे बेंचमार्क, म्हणजे मापदंड, प्रसिद्ध करते, त्यांतील नियम तो सर्व्हरच्या प्रत्यक्ष सेटिंगशी ताडून पाहतो आणि कोणता नियम पास, कोणता फेल, हे लिहून देतो. माझे काम त्यानंतर सुरू होते. प्रत्येक फेलपुढे दुरुस्ती कोण करणार आणि कधीपर्यंत, हे ठरवायचे, आणि दुरुस्ती तूर्त शक्यच नसेल तर कारण, जबाबदार अधिकारी, पर्यायी संरक्षण आणि मुदत लिहून एक्सेप्शन नोंदवायचे. उदाहरणार्थ, चेक क्लिअरिंगचे आमचे एक जुने सॉफ्टवेअर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वरच चालते. मायक्रोसॉफ्टने त्या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबवला, म्हणून तो सर्व्हर नेटवर्कमध्ये वेगळा काढून त्याचे एक्सेप्शन मुदतीसह नोंदवलेले आहे. मुदत नसलेल्या एक्सेप्शनवर मी सही करत नाही आणि त्यावरून माझ्याबद्दल जे बोलले जाते ते माझ्या कानावर येते.

ऑडिट समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी नव्या तिमाहीचा निकाल आला आणि आमच्या विभागात आनंदीआनंद झाला. लिनक्स सर्व्हरांची जी टक्केवारी बराच काळ सत्तरीच्या घरात घुटमळत होती, ती एकदम नव्वदीच्या पुढे गेली होती. आयटी विभागाच्या प्रमुखांनी तो आकडा सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर घातला आणि "मॅडम, उद्या रावपुऱ्यातून पेढे मागवायला हरकत नाही," असे ते दारातूनच म्हणाले. त्यांच्या आनंदाला आधार होता. आधीच्या ऑडिटमध्ये, पासवर्ड न विचारता सुडो, म्हणजे सर्वाधिकार वापरून काम करण्याची आज्ञा, चालवण्याची मुभा जवळजवळ प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर दिलेली आहे, असा ठळक शेरा आला होता आणि त्यांच्या माणसांनी रात्री थांबून ती मुभा सगळीकडून काढून टाकली होती.

मला मात्र तो आकडा पचेना. एका नियमाच्या दुरुस्तीने टक्केवारी थोडी हलते, अशी उडी मारत नाही. शिवाय नवा निकाल हाती आला की टक्केवारीकडे वळण्याआधी एक्सेप्शनची नोंदवही उघडायची, ही माझी जुनी सवय आहे. एक्सेप्शन मंजूर केल्याने सर्व्हरवरची सेटिंग बदलत नाही, त्यामुळे तो नियम स्कॅनरच्या निकालात दर वेळी फेल म्हणून दिसलाच पाहिजे. अहवालात फक्त त्याच्यापुढे मंजुरीचा शेरा पडतो. आमच्या डेटाबेस सर्व्हरवर ऑडिटडीचे, म्हणजे सर्व्हरवरच्या हालचाली नोंदवणाऱ्या लिनक्स सेवेचे, काही नियम लावलेले नाहीत, कारण त्यांमुळे डे-एंडचे, म्हणजे दिवसअखेरच्या हिशेबाचे, काम रेंगाळते असे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचे म्हणणे आहे आणि त्याचे एक्सेप्शन माझ्याच सहीने गेलेले आहे. त्या दिवशी हे नियम फेलच्या यादीत नव्हते आणि पासच्या यादीतही नव्हते.

तेव्हा मी सारांशाचा तक्ता बाजूला ठेवून मूळ निकालाची फाइल उघडली. अशा तपासण्यांचे निकाल ज्या एक्ससीसीडीएफ नावाच्या प्रमाणित स्वरूपात लिहिले जातात, त्यात एखाद्या नियमाच्या निकालाला एकूण नऊ अवस्था असू शकतात. पास आणि फेल या त्यांपैकी दोनच. बाकीच्यांत नियम या यंत्राला लागू नाही, तपासताना चूक झाली, निष्कर्ष काढता आला नाही आणि नियम तपासलाच गेला नाही, अशा अवस्था येतात. या स्वरूपाच्या गुणमोजणीत न तपासलेले नियम हिशेबातून वगळले जातात, आणि आमच्या विभागाचा सारांश तक्ता तर पास आणि फेल या दोनच रकाने मोजून भागाकार करत होता. शंभर नियमांपैकी सत्तर पास आणि तीस फेल असतील तर सत्तर टक्के मिळतात. त्याच तिसांपैकी पंचवीस नियम उद्या तपासलेच गेले नाहीत, तर सर्व्हरवर काडीचाही बदल न होता सत्तरला पंचाहत्तरने भागले जाते आणि त्र्याण्णव टक्के हाती येतात. आमच्याकडे नेमके हेच घडले होते.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. माझ्या हाताखाली काम करणारा गुजराती तरुण उत्तम मराठी बोलतो आणि त्याहून उत्तम लिनक्स जाणतो. त्याने स्कॅनरच्या खात्याने एका सर्व्हरवर लॉगिन केले, सुडोची आज्ञा दिली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "ताई, हा पासवर्ड मागतोय. स्कॅनरकडे द्यायला पासवर्डच नाही." आधीच्या ऑडिटचा दोष दूर करण्यासाठी सुडोची मुभा काढली गेली, ते योग्यच होते, पण त्या मुभेवरच स्कॅनरचे खातेही चालत होते आणि हे बदल करताना कोणाच्या ध्यानात आले नव्हते. स्कॅनर आत शिरत होता, म्हणून अहवालावर लॉगिन यशस्वी झाल्याची हिरवी खूण होती, पण आत गेल्यावर रूटचे, म्हणजे सर्वोच्च प्रशासक खात्याचे, अधिकार न मिळाल्याने पासवर्डचे हॅश, म्हणजे सांकेतिक ठसे, ठेवणारी शॅडो फाइल, दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएच सर्व्हरची सेटिंग, ऑडिटडीचे नियम, असे जे जे फक्त रूटलाच वाचता येते, ते सगळे त्याला बंद होते. दुर्दैवाने आमचे बहुतेक दोष त्याच भागात साठलेले होते. अधिकार अपुरे असल्याची सूचना टूलने दिलीही होती, पण ती सर्वात खालच्या, निव्वळ माहितीच्या पातळीवरच्या शेकडो ओळींमध्ये होती आणि त्या ओळी सहसा कोणी उघडत नाही.

आयटी प्रमुखांना हे सांगणे सोपे नव्हते. "अहो, लॉगिन झालेय ना? मग तपासले नाही कसे म्हणता?" असे ते दोनदा म्हणाले. मी त्यांच्यासमोर नोंदवही आणि मूळ फाइल शेजारी शेजारी ठेवली. ते बराच वेळ वाचत राहिले आणि मग त्यांनी स्वतःच सादरीकरणातले पहिले पान काढून टाकले. हा मोठेपणा मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. फेरतपासणी शाखांच्या वेळेत करता येत नाही, म्हणून स्कॅनरच्या खात्यासाठी सुडोचा पासवर्ड व्हॉल्टमध्ये, म्हणजे पासवर्डच्या सुरक्षित तिजोरीत, ठेवून, तो स्कॅनरच्या सेटिंगला जोडून, आम्ही डे-एंड संपेपर्यंत थांबलो.

रात्री आलेल्या निकालात टक्केवारी पुन्हा सत्तरीच्या घरात होती. ऑडिटडीचे माझे ओळखीचे फेल जागच्या जागी परतले होते. पण त्यांच्यासोबत एक नवा फेल होता आणि तो पाहून आम्ही दोघेही खुर्चीत सरळ झालो. बॅकअपच्या सर्व्हरवर एका खात्याचा पासवर्डचा रकाना शॅडो फाइलमध्ये रिकामा होता आणि ते खाते सुडो चालवू शकणाऱ्या गटात होते. अशा वेळी घाबरून जाण्यापेक्षा धोका नेमका किती, हे पाहावे लागते. आमच्या एसएसएचच्या सेटिंगमध्ये रिकाम्या पासवर्डने प्रवेश बंद होता, त्यामुळे नेटवर्कवरून थेट कोणी आत येऊ शकले नसते. पण सर्व्हरच्या कन्सोलसमोर बसलेल्या माणसाला, किंवा त्याच सर्व्हरवरच्या कुठल्याही साध्या वापरकर्त्याला, कोणताही पासवर्ड न टाइप करता त्या खात्यात शिरून पुढे रूटपर्यंत पोहोचता आले असते. खाते लगेच बंद केले.

ते आले कुठून, हे जुन्या कामाच्या नोंदींत सापडले. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा तळमजल्यावरची सर्व्हर रूम घाईघाईने वरच्या मजल्यावर न्यावी लागली होती. बॅकअप परत चढवण्यासाठी बाहेरून आलेल्या इंजिनिअरने हे खाते तात्पुरते उघडले आणि काम झाल्यावर ते तसेच राहिले. त्या दिवसांत कंबरभर पाण्यातून ऑफिसला आलेल्या माणसांना मी दोष देणार नाही. मधल्या तिमाहींत ते का दिसले नाही, याचे उत्तर अधिक रुक्ष आहे: हलवाहलवीत त्या सर्व्हरचा आयपी पत्ता बदलला होता आणि स्कॅनच्या यादीत तो नव्या पत्त्याने याच तिमाहीत आला होता.

मुख्य प्रश्न राहिला तो गैरवापराचा. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रांवरच्या कामाच्या नोंदी, १८० दिवस सांभाळावे लागतात. दोष सापडणे आणि घटना घडणे या वेगळ्या गोष्टी आहेत, पण दुसरी घडलेली नाही हे म्हणण्यासाठी पुरावा हवा. आम्ही मध्यवर्ती लॉगमध्ये त्या खात्याच्या नावाने शोध घेतला, मग टेपवरचे त्याआधीचे लॉग काढले. इंजिनिअर गेल्यानंतर त्या खात्याचा एकही वापर नोंदलेला नव्हता. हे सगळे, शोधाच्या आज्ञांसह, फाइलला लावले.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर खरा आकडा गेला. समितीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत, म्हणून मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितले की, मुलगा ज्या विषयांना गैरहजर राहिला ते वगळून टक्केवारी काढावी, तसा कालचा निकाल होता. ते हसले नाहीत. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हापासून सहकारी बँकांच्या संचालकांना या विषयात हसू येत नाही. रिझर्व्ह बँकेनेही ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट घालून दिली आहे. एका सदस्यांनी, सगळ्याच फेलना एकदम वर्षभराचे एक्सेप्शन देऊन आकडा सुधारता येईल का, असे विचारले. मी नाही म्हटले आणि आयटी प्रमुखांनीही मला दुजोरा दिला. अध्यक्षांचा प्रश्न अधिक नेमका होता: "मग याआधीच्या तिमाहींचे आकडे तरी खरे होते का?"

ते मी तपासूनच गेले होते. तपासलेल्या सर्व्हरांपुरते ते खरे होते, कारण तेव्हा सुडोची मुभा शाबूत होती आणि रूटच्या फाइल वाचल्या जात होत्या. बॅकअपचा सर्व्हर मात्र त्यांत नव्हता, हेही मी सांगितले आणि इतिवृत्तात लिहून घेतले. आता सारांश तक्त्यात टक्केवारीच्या आधी दोन रकाने येतात: न तपासलेले नियम आणि यादीत नसलेले सर्व्हर. व्हॉल्टने स्कॅनरचा पासवर्ड बदलला की एका सर्व्हरवर चाचणी होते आणि शॅडो फाइलचा नियम तपासला गेल्याचे दिसल्यावरच पूर्ण स्कॅनला परवानगी मिळते. आयटी प्रमुखांनी पेढ्यांचा विषय पुन्हा काढलेला नाही.