बायपासच्या आतलं नगर

पुण्याच्या माणसाला नगर माहीत असतं ते वाटेवरचं. शिर्डीला निघालो, शिंगणापूरला निघालो, वेरूळ बघायला निघालो, नाहीतर संभाजीनगरला कुणाचं तरी लग्न, की मधे नगर लागतं, आणि लागतं म्हणजे तरी काय, बायपासवरून लांब कुठेतरी घरं दिसतात, मागच्या सीटवरचा एकजण मान वर करून "नगर गेलं का?" विचारतो आणि परत झोपतो. झाला आपला नि नगरचा परिचय. अंतर म्हणाल तर १२० किलोमीटरच्या आसपास, महाबळेश्वर पण तेवढंच, पण महाबळेश्वरला आपण घाटात उलट्या करत जाऊ, दुप्पट भावानं रूम घेऊ, स्ट्रॉबेरी क्रीमच्या रांगेत उभे राहू, नगरला मात्र मुद्दाम कुणी जात नाही. आता सरकारी नाव अहिल्यानगर झालंय, पण माझी जीभ सवयीनं नगरकडेच वळते, सांभाळून घ्या.

तर मी मुद्दाम गेलो. सावेडीत कॉलेजचा एक मित्र राहतो, त्याला आदल्या दिवशी फोन केला तर म्हणाला, "दर्शनाला का, शिर्डीला?" म्हटलं नाही रे, नगरच बघायचंय. तिकडून जरा वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाला, "बरं, ये. पण जेवायला घरी यायचं."

वाकडेवाडीहून एसटी पकडली. वाघोलीच्या ट्रॅफिकबद्दल मी काही बोलत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. शिक्रापूर गेलं, रांजणगावला अर्ध्या बसनं खिडकीतूनच महागणपतीला हात जोडले, शिरूरला घोड नदी ओलांडली की जिल्हा बदलतो आणि मग हळूहळू आजूबाजूचं सगळंच बदलायला लागतं, उसाचा हिरवा रंग मागे पडतो, माळ सुरू होतो, सुप्याच्या बाजूला डोंगरावर पवनचक्क्या दिसतात. पर्जन्यछायेचा प्रदेश असं शाळेत भूगोलाच्या पेपरात लिहिलेलं, तो इथं खिडकीतून बघायला मिळतो.

माळीवाड्याला उतरलो तर मित्र अ‍ॅक्टिवा घेऊन हजर. "पहिलं काय?" "किल्ला." "त्यात काय बघायचंय," असं म्हणत त्यानं गाडी तिकडेच घेतली.

आता पुण्याच्या माणसाचं किल्ल्याचं गणित ठरलेलं असतं, दमछाक झाली पाहिजे आणि वर पिठलं-भाकरी मिळाली पाहिजे. नगरचा किल्ला या दोन्ही बाबतीत नापास. सपाट जमिनीवर, गोल, भोवती खंदक, चढ नाहीच. ताबा लष्कराकडे आहे, त्यामुळे गेटवर ओळखपत्र दाखवायचं, वहीत नाव लिहायचं, मग आत. पण या गोल भिंतीनं जे बघितलंय ते डोंगरावरच्या भल्याभल्यांनी बघितलेलं नाही. अहमद निजामशहानं बहमनींपासून फुटून १४९० मध्ये आपलं राज्य उभं केलं, त्याच्याच नावानं हे शहर. आधी मातीचा असलेला किल्ला नातवानं, हुसेन निजामशहानं, दगडात बांधून काढला. मग १५९५-९६ मध्ये मुघलांचा वेढा पडला, त्यांनी सुरुंग लावून तटाला भगदाड पाडलं आणि चांदबिबीनं स्वतः उभं राहून रातोरात ते बुजवून घेतलं. रातोरात! आमच्या सोसायटीच्या कंपाउंड वॉलचा एक कोपरा पडलाय, त्यावर अजून नुसत्या मीटिंगाच चालू आहेत.

पण मी खरा रेंगाळलो तो नेत्यांच्या कोठड्यांपाशी. भारत छोडो झाल्यावर ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसची जवळपास अख्खी कार्यकारिणी इथं आणून ठेवली, नेहरू, पटेल, मौलाना आझाद, कृपलानी, पंत, सगळे. नेहरूंनी इथंच १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये डिस्कव्हरी ऑफ इंडिया लिहिलं, हे आपल्याला जीकेच्या पुस्तकातून पाठ असतं. मला मजा वाटते ती त्याच पुस्तकात सुरुवातीला बागकामाबद्दल लिहिलंय त्याची. पंतप्रधान व्हायचा माणूस भर उन्हात फुलांसाठी वाफे खणतोय, जमीन दगडगोट्यांची, आणि खणलं की जुन्या बांधकामाचे तुकडे वर येतायत. म्हणजे भारताचा इतिहास लिहायला बसलाय आणि फावडं मारलं की निजामशाहीच बाहेर निघतेय.

आणि आझाद तर त्याहून भारी. ते इथून पत्रं लिहायचे, पाठवता येत नव्हती तरी लिहायचे. त्यात एक पत्र चिमण्यांवर आहे. खोलीत चिमण्यांनी घरटी करायला घेतली, यांना कचरा सहन होईना, मग त्यांनी चिमण्यांशी रीतसर युद्ध पुकारलं, हरले, तह केला, दाणे टाकायला लागले, शेवटी चिमण्या अंगाखांद्यावर यायला लागल्या आणि यांनी त्यांना एकेक नाव देऊन टाकलं. दुसरा त्यांचा आवडता विषय चहा. चिनी, बिनदुधाचा, पहाटे स्वतः करून प्यायचे, दूध-साखर घालून उकळलेल्याला ते चहा मानायलाच तयार नव्हते. हे असं हसत वाचावं तर त्याच तुरुंगात असताना १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांची पत्नी गेली, आणि त्यांनी सुटकेचा अर्ज केला नाही. मी त्या ओळीतल्या खोल्यांसमोर उभा राहून उगाच वर बघत होतो, चिमणी दिसते का. कबुतरं होती.

बाहेर आल्यावर मित्रानं टपरीवर दोन कटिंग सांगितले, दूध-साखर सढळ हातानं. आझादांची क्षमा मागून प्यायलो, काय करणार.

तिथून रणगाड्यांचं संग्रहालय. १९९४ साली लष्करानं सुरू केलंय, आणि हे एक ठिकाण असं आहे जिथं पोरांना अजिबात ओढत न्यावं लागत नाही. चर्चिल, मॅटिल्डा, व्हॅलेंटाईन अशी लग्नपत्रिकेत शोभतील अशी नावं असलेले दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे, एक रोल्स रॉईसची चिलखती गाडी, १९६५ मध्ये पाकिस्तानकडून हस्तगत केलेले पॅटन, आपला विजयंता, सगळे उघड्यावर हिरवळीत मांडलेले. पत्र्याला, पत्रा कसला, चांगल्या जाडजूड पोलादाला, हात लावला तर अकरा वाजताच चटका बसला, म्हटलं आत बसून लढणाऱ्यांचं काय होत असेल. शेजारी एक सातेक वर्षांचा मुलगा वडिलांना विचारत होता, "पप्पा, याला ॲव्हरेज किती देतो?" पप्पा पाटीवर ॲव्हरेज शोधत होते.

जेवायला घरी. मित्राच्या आईनं शेंगोळं केलं होतं. हुलग्याचं पीठ, त्यात लसूण-मिरची-जिरं, घट्ट मळायचं, तळहातावर तेलाचं बोट घेऊन वळी करायची, दोन टोकं जोडून कडं करायचं आणि उकळत्या पाण्यात सोडायचं, मग थोडं पीठ कालवून त्याच रस्स्याला लावायचं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होतो, काकूंचा हात एवढा पटापट चालत होता की वळी कधी झाली आणि कडं कधी झालं ते कळतच नव्हतं. "पुण्यात करतात का रे तुमच्यात?" म्हटलं आजी करायची, आता नाही. "मग खा," म्हणाल्या आणि न विचारता परत वाढलं. बाजरीची भाकरी, कांदा, वरून कच्चं तेल. यानंतर कुणी फराहबाग बघायला उठतं का, पण उठलो.

फराहबाग शहराच्या बाहेर, सोलापूर रोडच्या बाजूला. एकेकाळी चारी बाजूंनी पाणी आणि मधे हा महाल, आता पाणी गेलंय, चुन्याचे गिलावे पडलेत, आत घुमटाखाली मात्र चांगलं गार. पहिलं बांधकाम पसंत पडलं नाही म्हणून पाडलं आणि परत बांधलं, असं सांगतात, आणि ते पूर्ण झालं १५८३ मध्ये, मुर्तझा निजामशहाच्या काळात. या मुर्तझाला लोक दिवाणा म्हणायचे, कारभारात लक्ष नाही, इथं येऊन बुद्धिबळ खेळत बसायचा म्हणे. शेवटी पोटच्या पोरानं मारला.

तिथल्या पायरीवर बसून मित्राशी गप्पा मारताना मला पहिल्यांदा नीट उमगलं की आपण पुण्याचे लोक काय म्हणून नगरला हॉर्न मारून पुढे जातो? मालोजीराजे निजामशाहीचे सरदार. नगरच्या शहाशरीफ दर्ग्याला नवस केला म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तो दर्गा इथलाच. आणि पुणे-सुपे परगणा मालोजींना जहागीर मिळाला तो कुणाकडून, तर निजामशहाकडून. म्हणजे आपलं पुणं हे तेव्हा नगरचं नाव लावणाऱ्या राज्यातलं एक कसबा गाव, कागदावर सही करून द्यायचं. १६२४ मध्ये निजामशाहीच्या वजिरानं, मलिक अंबरनं, भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजांना एकत्र झोडपलं, तेही नगरच्या जवळच, त्यात शहाजीराजे लढले आणि शरीफजी कामी आले. आपल्याकडे वाड्याचा एक खांब उरला तरी त्यावर पाटी लागते, माहिती सांगणारे हेरिटेज वॉक निघतात, त्याचे पैसे पण आपण देतो. इथं हे सगळं पडलंय आणि नगरकर त्याच्या शेजारून दळण घेऊन जातोय. हे मित्राला बोलून दाखवलं तर म्हणाला, "मग काय रोज नमस्कार करायचा का?" तेही खरंच.

संध्याकाळी पाथर्डी रोडनं चांदबिबी महाल. गंमत म्हणजे चांदबिबीचा याच्याशी काही संबंध नाही, ही कबर सलाबतखानाची, म्हणजे त्याच दिवाण्या मुर्तझाच्या वजिराची, ज्यानं मालक बुद्धिबळात असताना राज्य चालवलं. डोंगरावर अष्टकोनी, तीन मजली, नुसता दगड, नक्षी जवळपास नाहीच, आणि वरचं काम अर्धवट राहिलेलं. जिना भिंतीच्या आतच आहे, अंधारा आणि उंच पायऱ्यांचा, मोबाईलचा टॉर्च लावून चढलो. वर कमानींमधून वारा असला येतो की बोललेलं ऐकू येत नाही. खाली सगळं नगर पसरलेलं. निजामशाहीत याच बाजूच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी शहरात आणि महालांत खेळवलं होतं. आता शहराला पाणी मुळा धरणातून येतं.

राहिलं पण बरंच. दमडी मशीद राहिली, १५६७ ची, कोरीव काम एक नंबर आहे म्हणतात. आलमगीर राहिलं, औरंगजेब १७०७ मध्ये भिंगारजवळ मेला ते ठिकाण. अरणगावचं मेहेराबाद, मेहेरबाबांची समाधी, तेही राहिलं. सावित्रीबाईंनी मिस फरार यांच्याकडे जिथं शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं त्या मिशनच्या बाजूला जायचं होतं, तेही राहिलं. मित्राला म्हटलं पुढच्या वेळी बायकोला घेऊन दोन दिवस येतो. तो म्हणाला, "वहिनींना आणणार असशील तर आधी कापडबाजार, मग उरलेल्या वेळात तुझी निजामशाही." आणि कापडबाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा एसटीनंच या, असंही वर बजावलं.