तुम्ही विचारलंत म्हणून : चार लाखांच्या गिटारमध्ये असते तरी काय?

गिटारचे सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि सूर यांची जुळवणी, करून देणारा माणूस म्हणून मला हा प्रश्न वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुधा दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे मुलाने किंवा मुलीने हट्ट धरल्यामुळे धास्तावलेले पालक, आणि दुसरे म्हणजे कॉलेजात बँडमध्ये वाजवणारे, मग नोकरी-संसारात अडकलेले आणि आता चाळिशीत हाताशी थोडे पैसे आल्यावर पुन्हा गिटारकडे वळलेले लोक. दोघांचेही म्हणणे एकच असते : तीस हजारांची इलेक्ट्रिक गिटार वाजते आणि चार लाखांचीही वाजते, मग वरचे पैसे जातात कुठे? माझे उत्तर असे की त्यांतला मोठा वाटा नेक (गिटारची मान) आणि फ्रेट (त्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) यांवर माणसाने हाताने केलेल्या कामाचा असतो, त्या खालोखाल लाकडाच्या दिसण्याचा, आणि आवाजाचा वाटा सर्वांत लहान असतो. या उत्तराने बरेच जण नाराज होतात, कारण आपण पैसे मोजतो ते आवाजासाठीच, अशी त्यांची पक्की समजूत असते.

उदाहरण म्हणून मी नेहमी पीआरएस कंपनीची कस्टम 24 ही गिटार घेतो. पॉल रीड स्मिथ यांनी 1985 मध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात ही कंपनी सुरू केली आणि तिचा कारखाना आज त्याच राज्यातील स्टीव्हन्सव्हिल येथे आहे. हे उदाहरण सोयीचे अशासाठी की हीच गिटार दोन दर्जांत मिळते : मेरीलँडमध्ये बनणारी ‘कोअर’ आणि पूर्वी कोरियात, आता इंडोनेशियात बनणारी ‘एसई’. दोघींचा घाट तोच, 25 इंचांची स्केल (तारेची वाजणारी लांबी) तीच, 24 फ्रेट तेच, फिंगरबोर्डवर, म्हणजे नेकवरच्या बोटे दाबायच्या फळीवर, जडवलेले उडणारे पक्षीही तेच. किंमत मात्र काही पटींनी वेगळी. दुकानाच्या भिंतीवर शेजारी-शेजारी टांगल्या तर लांबून पाहणाऱ्याला त्यांतली महाग कोणती हे सांगता येणार नाही. संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रांमुळे लाकूड कापण्याची अचूकता आता दोन्हीकडे सारखीच आहे, आणि तीस वर्षांपूर्वीच्या स्वस्त गिटारमध्ये नेक जिथे बॉडीत बसतो तिथे जी फट दिसायची ती आज सहसा दिसत नाही. यंत्राचे काम संपल्यावर माणूस त्या गिटारवर किती वेळ घालवतो, इथून खरा फरक सुरू होतो.

फ्रेटपासून सुरुवात करतो, कारण बोटांचा सगळा व्यवहार त्यांच्याशी आहे. फिंगरबोर्डवर ठोकलेल्या या धातूच्या पट्ट्यांचे माथे एका पातळीत असावे लागतात. एखादा फ्रेट शेजारच्या फ्रेटपेक्षा मिलिमीटरच्या दहाव्या भागाने जरी उंच राहिला, तरी त्याच्या मागच्या घरात (दोन फ्रेटमधल्या जागेत) दाबलेली तार त्याला घासून झणझणते. ही झणझण घालवण्याचा सोपा उपाय म्हणजे तारा उंच उचलून ठेवणे, आणि स्वस्त गिटार कारखान्यातून बहुतेक वेळा तशाच येतात. नवशिक्याची बोटे दुखतात, तो स्वतःला दोष देतो आणि गिटार कपाटावर जाते. चांगल्या कारखान्यात सगळे फ्रेट आधी एका सपाट पट्टीने घासून समपातळीत आणतात, मग प्रत्येकाचा माथा पुन्हा गोल करतात, मग टोके कानशीने मारून बोथट करतात आणि शेवटी पॉलिश करतात. जर्मनीत तयार झालेले प्लेक नावाचे यंत्र तारा चढवलेल्या, म्हणजे ताणाखाली असलेल्या नेकचे माप घेऊन मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत हे काम करते आणि गिब्सनसारखे मोठे कारखाने ते वापरतात. त्यानंतरही कोणीतरी प्रत्येक घरातला प्रत्येक सूर वाजवून पाहावा लागतोच. असे काम झालेल्या गिटारवर बाराव्या फ्रेटपाशी सर्वांत पातळ तार दीड मिलिमीटरपर्यंत खाली आणता येते, आणि पंधराव्या फ्रेटवर ती तार पूर्ण एक स्वर वर खेचली तरी सूर मध्येच गुदमरत नाही. दुकानात गेलात तर एवढी एक परीक्षा जरूर करा.

फ्रेट कोणत्या धातूचे आहेत याचाही किमतीशी संबंध आहे. सर्वसाधारण फ्रेट तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे असतात आणि रोज वाजवणाऱ्याच्या गिटारवर काही वर्षांत त्यांना तारांच्या खाचा पडतात. ‘सुर’ (Suhr) किंवा टॉम अँडरसन यांसारख्या कॅलिफोर्नियातील छोट्या कारखान्यांच्या गिटारवर स्टेनलेस स्टीलचे फ्रेट असतात. ते फार सावकाश झिजतात. पण हा धातू इतका कठीण की तो कापताना हत्यारे लवकर बोथट होतात आणि कामाला वेळ अधिक लागतो. ग्राहक त्या वेळेचे पैसे देतो, आणि माझ्या मते ते पैसे वसूल होतात.

आता नेकविषयी. आपल्याकडे हा विषय अमेरिकेपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. लाकूड हवेतल्या दमटपणाबरोबर फुगते आणि आकसते, धातू तसा करत नाही. मुंबईत ऐन पावसाळ्यात घेतलेली गिटार बदलीच्या सामानाबरोबर नागपूरला गेली की एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फिंगरबोर्ड रुंदीला आकसतो, फ्रेटची टोके दोन्ही कडांनी बाहेर येतात आणि नेकवरून हात फिरवला की तळव्याला करवतीसारखी लागतात. महाग गिटार या नियमातून सुटत नाही, पण तिच्यात हे कमी होते, कारण तिचे लाकूड नीट वाळवलेले असते आणि चांगले कारखाने नेक एकदम पूर्ण न कोरता अर्धवट कोरून काही काळ तसाच ठेवतात. त्या अवधीत त्याला जे वाकायचे असेल ते वाकू देतात आणि मगच शेवटचा हात फिरवतात. हा विसावा म्हणजे कारखान्याच्या दृष्टीने अडकून पडलेला पैसा असतो. अलीकडे प्राणवायूविरहित भट्टीत भाजलेले मेपल वापरतात, ते ओल कमी शोषते. काही जण नेकच्या पोटात कार्बन फायबरच्या सळ्या घालतात. ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारी पोलादी सळई, मात्र स्वस्त-महाग दोन्हींत असते. गिब्सन कंपनीत थॅडियस मॅकह्यू यांनी ती 1920च्या दशकात आणली आणि त्या कल्पनेला अजून पर्याय मिळालेला नाही.

गिटार सुरात राहत नाही, अशी तक्रार घेऊन येणारे लोक ट्यूनर, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्या, बदलायला सांगतात. दोष ट्यूनरचा क्वचितच असतो. तो बहुधा नटचा असतो. नेकच्या टोकाला ज्या खाचांमधून तारा जातात ती ही छोटी पट्टी. खाच अरुंद किंवा खडबडीत असली की तार तिच्यात अडकते; खुंटी फिरवत असताना ‘टिक’ असा बारीक आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारून पुढे जातो. तिसऱ्या तारेवर हे हमखास ऐकू येते. प्रत्येक खाच त्या-त्या तारेच्या जाडीची, योग्य उताराची आणि तळाशी गुळगुळीत हवी, आणि हे काम वेगवेगळ्या जाडीच्या बारीक कानशींनी हातानेच करावे लागते. मिरजेचे सतारमेकर जवारी काढताना जसे एकदा घासतात, तार वाजवून ऐकतात आणि पुन्हा घासतात, तसलेच हे काम आहे, आणि ते घाईत होत नाही. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटच्या डोक्यावर पाहा. कागद जेमतेम सरकेल एवढी फट दिसली तर नट कापणाऱ्याला काम येत होते असे समजावे. कोअर गिटारवर तारेला चिमटून धरणारे लॉकिंग ट्यूनर असतात, एसईवर साधे असतात. हा फरक खरा आहे, पण तो काही हजारांत भरून निघतो.

लाकडावर मला फार बोलायचे नाही, तरी लोकांना तेच ऐकायचे असते. कोअर गिटारवर मेपलचा जाड, कोरलेला थर असतो. एसईवर साध्या मेपलवर नक्षीदार मेपलचे पातळ व्हिनिअर चिकटवलेले असते. मेपलमधल्या त्या वाघासारख्या पट्ट्यांची प्रतवारी होते, आणि उत्तम पट्टे असलेल्या ‘10-टॉप’साठी वेगळे पैसे पडतात. ते लाकूड उन्हात तिरपे धरले की पट्टे हलल्याचा भास होतो आणि पाहणारा खुळावतो, हे मीही मान्य करतो. परंतु इलेक्ट्रिक गिटारचा आवाज चुंबकीय क्षेत्रात थरथरणाऱ्या पोलादी तारेतून निघतो, आणि पट्ट्यांच्या सौंदर्याची त्या क्षेत्राला काही खबर नसते. त्याहून मला फिंगरबोर्डची कथा रंजक वाटते, कारण ते लाकूड पुष्कळदा आपल्या शिसवीचे असते. ब्राझिलियन शिसवीच्या व्यापारावर 1992 मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आली पण तिची जागा त्याच्या कितीतरी आधीपासून मोठ्या प्रमाणावर भारतीय शिसवीने घेतली होती. 2011 मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिब्सनवर छापे घातले, त्यांत भारतातून गेलेले शिसवी आणि एबनीचे तुकडेही जप्त झाले होते. 2017 मध्ये शिसवीच्या सगळ्याच जातींवर निर्यात परवान्याची अट आली. 2019 मध्ये तयार वाद्यांना तिच्यातून सूट मिळाली. थोडक्यात, आपलेच लाकूड अमेरिकेत जाऊन सीमाशुल्क आणि जीएसटीसह आपल्याकडे परत येते.

पिकअप (तारेची थरथर टिपणारे चुंबक आणि कॉइल) आणि वायरिंग यांसाठी महाग गिटार घेणे मला सर्वांत कमी पटते, कारण हा भाग नंतर सहज बदलता येतो. एक गोष्ट मात्र तपासावी. आपल्या घरांतील अर्थिंग पुष्कळदा यथातथाच असते आणि 50 हर्ट्झची घरघर सिंगल कॉइल पिकअपमध्ये लगेच शिरते. हीच घरघर मारण्यासाठी सेथ लव्हर यांनी गिब्सनमध्ये दोन उलट्या कॉइलचा हंबकर पिकअप बनवला आणि 1957 पासून तो गिटारवर बसू लागला. चांगल्या गिटारच्या मागचे झाकण उघडले की आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी किंवा विद्युतवाहक काळा रंग लावलेला दिसतो, आणि डाग देताना ओघळलेले कथील दिसत नाही. स्वस्त गिटारमध्ये उरलेले हे काम ओळखीचा कारागीर दुपारभरात करून देईल. नव्या गिटारला मुद्दाम ओरखडे पाडून, रंग उडवून ती ‘जुनी’ करून देण्याचा प्रकार फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीच्या कस्टम शॉपने 1990च्या दशकात रूढ केला. त्या ओरखड्यांसाठी लोक आनंदाने अधिक पैसे मोजतात. त्यावर मी काही बोलत नाही, कारण ते ग्राहक माझ्याकडेही येतात.

मग घ्यावे काय? ऐकणाऱ्याला एसई आणि कोअर यांतला फरक कळत नाही. वाजवणाऱ्याला तो तासाभरात कळतो, पण बोटांना कळतो, कानांना नव्हे. म्हणून पालकांना मी मधल्या किमतीची गिटार घ्यायला आणि वर काही हजार फ्रेट आणि नटच्या कामासाठी बाजूला ठेवायला सांगतो. हे काम नंतर विकत घेता येते. पीळ पडलेला नेक किंवा चुकीच्या कोनात चिकटवलेला सांधा मात्र नंतर पैसे टाकून सहसा सुधारत नाही, आणि म्हणून चाळिशीतल्या मित्रांनी, विशेषतः जुनी कोअर कोणी विकत असेल तर, पट्टे पाहण्याआधी गिटारच्या टोकाकडून नेकवर नजर टाकून तो सरळ आहे का ते पाहावे आणि ट्रस रॉड अजून दोन्ही बाजूंना फिरतो का, हे विकणाऱ्यासमोरच फिरवून घ्यावे. तो एका बाजूला शेवटपर्यंत आवळलेला निघाला, तर किंमत कितीही उतरवून सांगितली तरी ती गिटार घेऊ नये.