बाळ आत, मी जिन्यात

दवाखान्यात पासाच्या खिडकीवर पाटी होती, वेळ ११ ते १. मी साडेदहालाच जाऊन उभी राहायचे आणि बाबू यायचे पावणेबाराला. त्या खिडकीपायी माझ्या पोरीचे तीन दिवस गेले. दोन वर्षं झाली, तरी राग जात नाही, म्हणून लिहिते.

आम्ही बीडकडचे, ऊसतोडीला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुक्काम कृष्णाकाठच्या एका कारखान्याच्या तळावर होता. आठव्या महिन्यातच फडात कळा सुटल्या, १०८ नं मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं, मुलगी झाली. १४८० ग्रॅम. बाळंतपणाबद्दल काही तक्रार नाही. पोरीला काचेत ठेवलं, तिला चोखायची ताकद नव्हती म्हणून नाकातून नळी घातली. माझा चीक त्या नळीतूनच गेला.

चौथ्या दिवशी मला सुट्टी दिली. खाट गेली, जेवणाचं ताट बंद झालं आणि पोर मात्र आत. नवरा फडावर परतला. मुकादमाची उचल अंगावर, त्यात खाडे वाढले की फिटायची कधी?

आता मी ‘दाखल’ नव्हते, म्हणून आत जायला पास पाहिजे. पासला माता-बाल कार्ड पाहिजे. कार्ड गावाकडे, सासूच्या ट्रंकेत. दिरानं मोबाइलवर फोटो धाडला, तर बाबूंनी तो नीट बघितलाही नाही. “झेरॉक्स आणा.” बाहेरून कागदावर काढून आणेपर्यंत एक वाजला, खिडकी बंद. दुसऱ्या दिवशी कागद दिला, तर कार्डावर माहेरचं आडनाव आणि केसपेपरवर सासरचं. “ही बाई तुम्हीच कशावरून?” दुधानं माझा पदर ओला झाला होता. तो दाखवावा असं मनात आलं, पण बोलले नाही. “स्टॅम्पपेपरवर लिहून आणा,” म्हणाले. माझ्याजवळ दोनशे रुपये होते, त्यात जेवायचंही होतं.

तोवर मी जिन्यात. येणारे-जाणारे अंगावरून जातायत आणि मी पदराआड वाटीत दूध पिळतेय. समोरच्या भिंतीवर स्तनपानाचं भलंमोठं पोस्टर. दारावरच्या मावशी वाटी आत न्यायच्या, पण त्यांची पाळी संपली की दुसरी म्हणायची, पास दाखव. पहिल्या दिवशी एका वेळेला अर्धी वाटी निघायचं, तिसऱ्या दिवशी दोन चमचे. शेजारी बसलेली एक बाई म्हणाली, “आटलं गं तुझं. डबा आण पावडरीचा.” मी रडलेच.

ते एका सिस्टरनं बघितलं. म्हणाली, “आटलंबिटलं काही नाही. पोटात अन्न नाही, डोळ्याला झोप नाही, पोर नजरेसमोर नाही, दूध येणार कुठून?” मला हाताला धरून राउंडवरच्या डॉक्टरांपुढे उभं केलं. त्यांनी केसपेपरवर एक ओळ लिहिली, आईला दर दोन तासांनी आत सोडणे, आणि खाली सही. संपलं. याला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

त्या दिवशी पोरीला माझ्या उघड्या छातीवर ठेवून वरून कापडानं बांधलं. कांगारूसारखं म्हणतात त्याला. संध्याकाळी दोन्हीकडून दूध आपोआप ठिबकायला लागलं. मी सिस्टरकडे बघून हसले, तर म्हणाली, “हसू नको, वाटी धर.”

तेव्हा बायांनो, पासाच्या खिडकीवर वेळ घालवू नका, सरळ डॉक्टरांना गाठा आणि केसपेपरवर लिहून घ्या. आईबापाला आत घेऊन बाळाचं करायला शिकवा, असं केंद्र सरकारनं २०१७ मध्येच लिहून दिलंय, हे मला मागाहून कळलं. आणि पोर आत असेल तर आपली सुट्टी होण्याआधीच विचारा, मी राहू कुठं.

दूध पिळताना नुसतं बोंड ओढू नका, दुखतं आणि निघत काही नाही. काळ्या भागाच्या जरा मागं अंगठा आणि बोटं ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. दिवस-रात्र मिळून आठ वेळा तरी, रात्रीचं चुकवायचं नाही. थोडं निघालं तरी काढायचं. काढलं तरच येतं.

वाटी स्टीलची, उकळून घेतलेली. नळी निघाल्यावर आम्ही वाटी-चमच्यानं पाजलं, बाटली नाही. सासूबाई फोनवर मध चाटवा म्हणत होत्या. मी हो म्हटलं आणि चाटवला नाही.

हो, कार्ड! कामाला निघताना ते पिशवीत घ्याच. आणि घरी सोडायला १०२ ची गाडी फुकट असते, मागितली की मिळते.

एकोणिसाव्या दिवशी पोरीला सोडलं. वजन १७२०, अंगावर पीत होती. कागद घ्यायला त्याच खिडकीवर गेले, तर बाबू म्हणाले, “पास जमा करा.”

म्हटलं, पास तुम्ही दिलाच नाही.

“मग नोंद कशी बंद करू?” म्हणाले. खाली गाडी उभी, पोर काखेत. अजून पाऊण तास गेला.