तुम्ही विचारलंत म्हणून: ख्याल ऐकणाऱ्या मुलांना पियानो कॉन्चेर्तो (एकटा पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) कसा ऐकवायचा?

पुण्यातले गाण्याचे शिक्षक आणि पियानो शिकणाऱ्या मुलांचे पालक हे हमखास विचारतात: सवाईच्या मंडपात तासभर एकच राग ऐकणारी मुलं मोत्झार्ट लावला की पाचव्या मिनिटाला चुळबुळ का करतात? माझ्या मते या मुलांचा कान चांगला तयार असतो, म्हणूनच अडचण होते. तानपुऱ्यामुळे सा जागचा हलत नाही हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. कॉन्चेर्तोत सा घर सोडून जातो आणि परत येतो. तो कुठे गेला हे कळलं नाही, तर उरतात नुसत्या गोड चाली, आणि गोड चालींचा कंटाळा लवकर येतो.

सुरुवातीला मोत्झार्टचा तेविसावा, ए मेजरमधला, के. ४८८ (हा मोत्झार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) घ्या. मार्च १७८६ मध्ये व्हिएन्नात पूर्ण झालेला, तीन भागांचा, साधारण २६ मिनिटांचा. वाद्यवृंद लहान: तंतुवाद्यं, एक बासरी, दोन क्लॅरिनेट, दोन बासून (खालच्या स्वरांचं फुंकवाद्य), दोन हॉर्न. ट्रम्पेट नाही, ताशासारखी वाद्यं नाहीत, ओबोही नाही. क्लॅरिनेटचा आवाज मुलांनी वरातीच्या बँडमध्ये ऐकलेला असतो, त्यामुळे तो ओळखायला त्यांना वेळ लागत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकवू नका. बासून आणि चेलो त्यात जवळजवळ गायब होतात, आणि सा कुठे आहे ते खालच्या स्वरांवरूनच कळतं.

पहिल्या दिवशी फक्त सुरुवातीची दोन मिनिटं, दोनदा. यात पियानो नाही. ६६ मापं (बार, म्हणजे ठेक्याचे छोटे विभाग) एकटा वाद्यवृंद वाजवतो. मुलांना वाटतं ही प्रस्तावना आहे, खरा कार्यक्रम पुढेच. हा समज तिथल्या तिथे मोडायला हवा, कारण पुढे लागणाऱ्या बहुतेक चाली इथेच मांडून होतात. पहिली चाल तंतुवाद्यांवर येते, लगेच फुंकवाद्यं ती घेतात. थोड्या वेळाने व्हायोलिनवर दुसरी, हळुवार चाल येते. या दोन आकारात म्हणता येईपर्यंत पुढे जाऊ नका. सरगम नंतर. आधी सरगम लावली की मुलं राग शोधू लागतात.

मग तानपुऱ्याचं ॲप पांढरी सहाला, म्हणजे ‘ए’ या स्वराला, लावा आणि रेकॉर्डिंगच्या जोडीने हळू चालू ठेवा. सुरुवातीला दोन्ही बऱ्यापैकी जमतं. पियानो पहिली चाल म्हणून पुढे सरकतो, तसा तीव्र मध्यम डोकावतो आणि मग ठाण मांडतो. तानपुरा टोचायला लागतो तिथे थांबवा, ॲप पांढरी तीनला न्या, तेवढाच तुकडा पुन्हा ऐकवा. पंचम आता सा झालाय. मघाचा तीव्र मध्यम हा त्याचा शुद्ध निषाद. वाद्यवृंदाने दुसरी चाल मूळ सा वर म्हटली होती, पियानो तीच या नव्या सा वर म्हणतो. भागाच्या उत्तरार्धात ती पुन्हा येते तेव्हा मुक्काम मूळ घरीच असतो. एवढा फरक कानाने पकडला की निम्मं काम झालं.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरची रेकॉर्डिंग्ज आजच्या ४४० हर्ट्झपेक्षा खाली लावलेली असतात. ॲपचा सूर बारीक उतरवला नाही तर सगळंच बेसूर वाटतं. दोन, तानपुरा पूर्ण भागभर चालू ठेवला तर कान थकतो. हा तीन-चार मिनिटांचा प्रयोग आहे, ऐकण्याची पद्धत नाही.

दुसऱ्या खेपेला पूर्ण पहिला भाग, हातात आलेखाचा कागद घेऊन. पंधरा सेकंदांना एक चौकोन, म्हणजे अकरा मिनिटांना चव्वेचाळीस. चाल पियानोकडे असेल तर लाल, वाद्यवृंदाकडे असेल तर निळा. पियानो आला की मुलं सलग लाल रंगवत सुटतात. तिथे अडवा: बोटं पळतायत, पण चाल कोणाकडे आहे? कितीतरी वेळा ती फुंकवाद्यांकडे असते आणि पियानो नुसता साथ करत असतो. मधे वाद्यवृंद जोरात येऊन अचानक थांबतो आणि तंतुवाद्यं एक अगदी नवी, आधी न ऐकलेली चाल हळूच सुरू करतात. मधला विस्तार तिच्यातूनच निघतो. त्या चौकोनावर खूण करायला सांगा.

शेवटाकडे वाद्यवृंद एका स्वरसमूहावर थबकतो आणि पियानो एकटा उरतो. ही कदेन्झा. मुलं म्हणतात, हा आलाप किंवा उपज. त्या काळी वादक ती ऐनवेळी रचत, हे खरं. या कॉन्चेर्तोतली मात्र मोत्झार्टने स्वतः संहितेतच लिहून ठेवली आहे. ती संपल्याची खूण म्हणजे लांब थरथरणारा स्वर. त्यानंतर वाद्यवृंद परततो. तिहाईची वाट पाहणाऱ्यांना ही खूण आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या भागासाठी पेटी बाहेर काढा. पांढरी सहाचं बिलावल सप्तक तसंच ठेवून धैवताला सा माना: आसावरी थाट मिळतो. मूर्च्छना शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको. हा भाग त्या घरात राहतो, एफ शार्प मायनरमध्ये, जिथे मोत्झार्टने दुसरा कुठलाही भाग लिहिलेला नाही. मात्र शुद्ध निषाद आणि मधेच कोमल रिषभ येतो. त्यामुळे राग ठरवायचा नाही, ठरवूही देऊ नका. इथे सुरुवात पियानोची, एकट्याची. ‘दुःख वाटतं का’ असं विचारू नका; मुलं हो म्हणतात आणि ऐकणं थांबवतात. तिसरा भाग वेगवान, पहिली चाल वारंवार परत आणणारा. ती किती वेळा आली ते मोजायला सांगितलं की पुरे.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला जायचं असेल तर मुंबईच्या एनसीपीएतल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या हंगामावर लक्ष ठेवा. खुर्च्या रंगमंचाकडे तोंड करून डाव्या बाजूच्या घ्या, बोटं दिसतात. भागांच्या मधे टाळ्या नाहीत, आणि ‘वाहवा’ सुद्धा शेवटी.

यानंतर बीथोव्हेनचा चौथा, जी मेजर. पियानो एकट्याने पाच मापं म्हणतो आणि वाद्यवृंद उत्तर देतो ते शुद्ध गंधाराला सा करून. तानपुरा न लावता, काहीही न सांगता ऐकवा आणि हात कोण वर करतं ते पाहा.