सर, हे रिवर्क आहे

सहलीत शिक्षकाचं खरं काम एकच, डोकी मोजणं. बसमध्ये चढताना, उतरताना, डब्याच्या आधी, डब्याच्या नंतर. सातपूर ओलांडेपर्यंत एखादं तरी पोरगं ओकतं आणि पिशव्या नेमक्या मागच्या सीटवर राहिलेल्या असतात. असो.

मी कार्यानुभव शिकवतो, त्याआधी सात वर्षं सातपूरच्या कारखान्यात टूलरूममध्ये डाय फिटर होतो, म्हणजे धातू ठोकायचे साचे (डाय) बसवायचो. त्यामुळे सहावीची सहल अंजनेरीच्या नाण्यांच्या म्युझियमला निघाली की मी स्वतःहून नाव देतो. आपण नाशिककर नोटांच्या प्रेसचं गाव म्हणून कॉलर ताठ करतो, पण 1980 पासून डोंगराच्या पायथ्याशी नाण्यांवर काम करणारी संस्था आहे हे निम्म्या गावाला माहीत नाही, सगळे पुढे त्र्यंबकला निघून जातात.

मुलांना म्युझियममध्ये कंटाळा येतो कारण जुनं नाणं शर्टाच्या बटणाएवढं असतं, काचेमागे ठिपका दिसतो फक्त. म्हणून मी जोगळटेंभीच्या नाण्याचा फोटो मोठा करून ए-थ्रीवर कलर प्रिंट काढून नेतो. जोगळटेंभी आपल्याच जिल्ह्यातलं. 1906 साली तिथं नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13 हजारांच्या वर नाणी, आणि त्यातल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का परत ठोकलेला. नाणी वितळवली नाहीत, नहपानाच्या तोंडावरच आपल्या खुणा मारल्या, कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह (फुली आणि टोकांना गोल). आधीच्या नाण्यावर ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्या, त्यात हा दुसरा शिक्का, म्हणजे नुसता गोंधळ.

या वेळी शाडूचे गोळे आणि दोन पंच, म्हणजे हाताने ठोकायचे ठसे, पण नेले होते. 16 एमएमच्या लोखंडी बारवर घरी खोदलेले, एकावर 'न', एकावर 'स'. अक्षर उलटं खोदावं लागतं, आरशात दिसतं तसं, हे सांगितलं की मुलं पहिल्यांदा नीट बघायला लागतात. आवारात झाडाखाली बसवून सांगितलं, खालचा डाय ऐरणीत पक्का, वर चकती, तिच्यावर हातात धरलेला पंच, आणि घण. खालचा डाय जास्त टिकतो कारण ऐरण त्याला धरून असते, घाव खातो तो वरचा पंच, तो आधी झिजतो, डोकं फुलतं, कडा तडकते. यावर मी तासभर बोलू शकतो आणि बोललोही असतो पण इतिहासाच्या मॅडमनी घड्याळ दाखवलं.

अंबडचा एक पोरगा आहे, वर्गात तोंड उघडत नाही. वडील प्रेसशॉपला, मशीनवर पत्र्याचे पार्ट ठोकतात. तो प्रिंट हातात घेऊन बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "सर, हे रिवर्क आहे."

मी म्हटलं काय?

"जुन्या पीसवर परत मारलंय. नवीन ब्लँक, कोरी चकती, कापायचं काम वाचलं ना. वजन पण झालेलंच होतं."

पोरं हसली, मी नाही हसलो. मग विचारतो, "पंच एक जण धरायचा आणि घण दुसरा मारायचा का?" मी म्हटलं तसंही असेल, एकट्यानेही करत असतील. तर म्हणे, "मग बोटं?"

त्याच्या वडिलांची उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेलेली आहेत. प्रेसला दोन्ही हातांची बटणं असतात, दोन्ही एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक येत नाही, ती असतातच बोटं वाचवायला. पण टार्गेट गाठायचं म्हणून एका बटणात पाचर मारून ठेवतात, सगळ्या शॉपला माहीत असतं आणि नंतर रिपोर्टमध्ये कामगाराची चूक लिहिली जाते. मी स्वतः अशी पाचर बघून गप्प बसलेला माणूस आहे. पोराला काय सांगणार, म्हटलं सांभाळून करत असतील.

आल्यावर मॅडमनी वर्कशीट तपासली. प्रश्न होता, सातकर्णीने नहपानाच्या नाण्यांवर आपली मुद्रा का उमटवली? उत्तर हवं होतं, विजयाचे प्रतीक म्हणून. ते बरोबरच आहे, पांडवलेणीत तीन नंबरच्या लेण्यात सातकर्णीच्या आईचा लेख आहे, त्यात क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निर्वंश करणारा असंच त्याला म्हटलंय, म्हणजे जिंकल्याची मिजास होतीच. पण पोराने लिहिलं होतं, "मटेरियल तयार होतं म्हणून. वितळवलं तर परत सगळं करावं लागतं." लाल फुली. शून्य. मॅडम वाईट नाहीत, वीस वर्षं मन लावून शिकवतात, फक्त गाईडमध्ये नाही ते त्यांच्यासाठी नसतंच. आणि मी स्टाफरूममध्ये समोर बसून चहा पीत होतो, फुली बघितली, बोललो नाही. टेक्निकलवाला इतिहासात नाक खुपसतो हे एकदा ऐकून झालंय.

शनिवारी पालकसभेला त्याचे वडील आले. मार्कांचं काही विचारलं नाही, उलट म्हणाले पोरगा सारखा त्या नाण्याचं सांगतोय, फोटो बघायला मिळेल का. कपाटातून काढून दिला. त्यांनी अंगठा आणि उरलेल्या बोटांत धरून कागद हळूहळू फिरवला, पार उलटा केला, आणि एका जागी थांबले.

"हे बघा सर, पहिला हिट हा. नाक दिसतंय अजून. दुसऱ्याला दाब कमी पडला."

मी इतकी वर्षं तो फोटो नेतोय आणि कधी उलटा धरून बघितला नव्हता. डोंगराच्या कमानीखाली खरंच नाक होतं.

मॅडमशी बोलतो म्हणालो त्यांना. ते म्हणाले, कशाबद्दल? फुलीचं त्यांना पोराने सांगितलंच नव्हतं. आज बुधवार, मी अजून बोललेलो नाही.