जाऊ दे की बे! सोलापुरातलं माझं पॅडल, पहिले पाच महिने

नोव्हेंबर

भाऊबीजेला ताईकडे पुण्याला गेलो होतो. ओवाळून झालं, जेवण झालं, जरा आडवा होणार तेवढ्यात भाची म्हणाली, "मामा, आमचा पॅडलचा चौथा गडी गळलाय. चल ना." पॅडल म्हणजे काचेच्या बंद कोर्टवर चौघांनी खेळायचा, टेनिससारखा रॅकेटचा खेळ. मी वीस वर्षं बॅडमिंटन खेळलेला माणूस. हातात रॅकेट आली की बाकीचं आपोआप येतं, असा माझा समज. पाऊण तासाने 6-1, 6-0 असा मार खाऊन बाहेर आलो. तो एक गेमही समोरून दाजींनी लागोपाठ दोन डबल फॉल्ट करून आमच्या पदरात टाकलेला.

हरल्याचं काही नाही, पण कशामुळे हरलो ते डोक्यातून जाईना. बॅडमिंटनमध्ये फूल जमिनीला लागलं की संपलं. त्यामुळे काहीही मागे जाताना दिसलं की माझा हात आपोआप उठतो. पॅडलमध्ये नेमकं उलट. चेंडू मागे जाऊ द्यायचा, टप्पा पडू द्यायचा, मागच्या काचेवर आदळू द्यायचा आणि परत येताना, दुसरा टप्पा पडायच्या आत मारायचा. भाची सारखी ओरडत होती, "मामा, सोड! सोड ना!" मी सोडत नव्हतो. पाठीमागे वाकडातिकडा हात घालून चेंडू उडवायचो आणि तो नेटमध्ये जायचा.

ज्यांनी कोर्ट पाहिलेलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद, चारही बाजूंनी बंद. दोन्ही टोकांना 3 मीटर उंच जाड काच, तिच्यावर 1 मीटर तारेची जाळी. बाजूंना काच कोपऱ्यापुरती, बाकी जाळी. मधलं नेट 88 सेंटिमीटर. जमिनीवर आखूड कृत्रिम गवत, त्यात वाळू. गुण टेनिससारखेच, 15-30-40. खेळायचं नेहमी चौघांनी. चेंडू समोरच्यांच्या अंगणात आधी जमिनीवर पडला पाहिजे, मग काचेला लागो नाहीतर जाळीला. थेट काचेवर गेला तर गुण गेला. मात्र आपल्या बाजूच्या काचेवर मारून तिथून तो पलीकडे धाडला तर चालतं! हा नियम कळला त्या दिवशी मला हा खेळ आपला वाटायला लागला. लहानपणी बोळात खेळलेल्या क्रिकेटमध्ये असलेच नियम असायचे.

म्हणजे खेळ जन्मलाय तोही तसाच. 1969 मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्को गावी एनरिके कॉर्कुएरा नावाच्या गृहस्थाने घराच्या आवारात कोर्ट बांधलं. टेनिसला पुरेल एवढी जागा नव्हती, म्हणून त्याने भिंतींनाच खेळात घेतलं. 1974 मध्ये त्याच्या एका मित्राने ते स्पेनमधल्या मार्बेयात नेलं. मग स्पेन आणि अर्जेंटिनाने या खेळाचं काय केलं ते तुम्ही यूट्यूबवर बघताच.

डिसेंबर, खरेदी

इथे मी जेवढी माती खाल्ली तेवढी तुम्ही खाऊ नये म्हणून जरा सविस्तर.

पॅडलच्या रॅकेटला तारा नसतात. आत फोम, वरून फायबरग्लास किंवा कार्बन, आणि मध्ये भोकं. स्पॅनिशमध्ये तिला 'पाला' म्हणतात. हे घरी सांगितलं तर आई म्हणाली, "पाच हजाराचा पाला? एवढ्यात एखादी शेळीच आली असती की."

आकार तीन. गोल, थेंबासारखा आणि हिऱ्यासारखा म्हणजे डायमंड. गोल रॅकेटला चेंडू बरोबर बसायची जागा मोठी आणि मधोमध असते, चुकलेला फटकाही निभावून जातो. डायमंडचं वजन वरच्या टोकाला, त्यामुळे स्मॅश जबर बसतो, पण जागा चुकली की मनगट आणि कोपर बोंब मारतं. मला अर्थातच काळी कुळकुळीत, कार्बनची डायमंड हवी होती. फोनवर दाजी म्हणाले, "तू स्मॅश कधी मारणार? तुला अजून चेंडू सापडत नाही." मुकाट्याने गोल घेतली, फायबरग्लासची, 360 ग्रॅम, 5,200 रुपये. रंग पोपटी. आता वाटतं, बरं झालं ऐकलं. वजन 350 ते 370 च्या आसपास ठेवा, पहिल्या रॅकेटला कार्बनच्या नादी लागू नका. डेकॅथलॉनच्या कुइकमापासून हेड, बाबोलात, बुलपॅडेल, नॉक्सपर्यंत सगळ्यांच्या नवशिक्यांसाठी गोल रॅकेट आहेत. नावात फारसं काही नाही.

मुठीला दोरी असते ती मनगटात अडकवायचीच. ती शोभेची नाही, नियमच आहे. बंद पिंजऱ्यात चार माणसं आणि घामेजलेले हात, तिथे रॅकेट सुटली तर ती कुणाच्या तरी तोंडावरच जाणार.

बूट. पळायचे बूट घालून खेळू नका, एवढंच सांगतो. त्यांचा तळ उंच आणि गुबगुबीत, बाजूला झेपावलं की घोटा मुरगळतो. माझा मुरगळला, दहा दिवस हळद लावून बसलो. टेनिसचे मातीच्या कोर्टाचे बूट येतात ना, तळाला नागमोडी रेघांचे, ते वाळूवर उत्तम धरतात.

चेंडू दिसायला टेनिसचाच, आत हवेचा दाब किंचित कमी. तीनचा डबा फोडला की हवा जायला सुरुवात. डबा मॅचसाठी ठेवायचा. सरावाला टेनिसवाल्यांनी टाकून दिलेले जुने चेंडू आणायचे, ते अर्धवट बसलेले असल्याने पॅडलच्या बरेच जवळ जातात. एका ओळखीच्या कोचकडून पिशवीभर आणले, चहाच्या मोबदल्यात.

जानेवारी, भिंत

सुरुवात केली तेव्हा आम्हाला इथे काचेचं कोर्ट काही मिळालं नाही. म्हणून आधी डोकं चालवून बॉक्स क्रिकेटचं टर्फ बुक केलं, रात्री दहाचा तास. चौघं गेलो. पूर्ण फसलो. तिथलं गवत लांब, चेंडू टप्पा घेतच नाही, शेवाळावर पडल्यासारखा बसतो. बाजूला नायलॉनची जाळी. तिला लागलेला चेंडू ओल्या टॉवेलसारखा खाली गळतो. पॅडलचं गवत बोटाच्या एका पेराएवढंही नसतं, हे तेव्हा ध्यानात आलं. उरलेला अर्धा तास क्रिकेट खेळून आलो.

मग श्रीनूने तोडगा काढला. श्रीनू माझा बॅडमिंटनचा जुना जोडीदार, अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्याचे टॉवेलचे माग आहेत. कारखान्याच्या मागे गोडाऊन, त्याला गुळगुळीत गिलाव्याची सलग भिंत, पुढे कोबा. खडूने भिंतीवर 3 मीटरवर रेघ मारली. जमिनीवर भिंतीपासून 3 मीटर 5 सेंटिमीटरवर दुसरी रेघ, ती सर्व्हिस लाइन. (नेटपासून ती 6.95 मीटरवर असते, म्हणून मागे एवढंच उरतं. बचावाचा सगळा संसार या तीन मीटरांत.)

सकाळी साडेसहा ते साडेसात. श्रीनू समोरून हाताने चेंडू फेकतो. टप्पा, भिंत, मग मी. पहिले चार दिवस तेच रडगाणं. चेंडू खांद्यावरून मागे चालला की माझा हात त्याच्यामागे. पाचव्या दिवशी श्रीनूने चेंडू खिशात घातला आणि मला आत मागाजवळ नेलं. सकाळची पाळी सुरू झाली होती, बोललेलं ऐकू येत नव्हतं. त्याने बोट दाखवलं. आडवा धागा नेणारा धोटा उजवीकडून सुटतो, ताण्यातून म्हणजे उभ्या धाग्यांतून सपकन जातो, डावीकडच्या पेटीत धडकतो, परत येतो. श्रीनू माझ्या कानाशी ओरडला, "धोटा परत येतोच की बे! मधीच हात घालतंय का कोण? तू कशाला हात घालायलास? जाऊ दे की!"

दोन मिनिटं बघत उभा राहिलो. मागावरचा कामगार दोघांकडे बघून हसायला लागला, तेव्हा बाहेर आलो.

त्यानंतर जमलं असं नाही, पण काय करायचं ते पायांना कळलं. माझ्या वहीत लिहिलेलं जसंच्या तसं देतो: चेंडू डोक्यावरून जातोय दिसलं की आधी खांदा फिरव, अंग आडवं कर. रॅकेट खाली, गुडघ्याजवळ. चेंडूबरोबर छोट्या पावलांनी मागे जा, पण भिंतीला चिकटू नको, नाहीतर परतीचा चेंडू थेट पोटात येतो. भिंतीला लागला की त्याच्याबरोबर पुढे ये. कमरेच्या खाली, अंगाच्या पुढे मार. जोर लावू नको, भिंतीने तो लावलेलाच आहे.

शेवटचं वाक्य मला सगळ्यात उशिरा समजलं.

काच आणि गिलावा यांत फरक पडतो. गिलाव्यावरून चेंडू थोडा वर उसळतो, काचेवरून खाली घसरत येतो. म्हणून गोडाऊनवर तयार झालेला माणूस काचेपुढे सुरुवातीला उंच मारतो. पण वाट बघायची सवय दोन्हीकडे एकच.

संक्रांतीला आठवडाभर सुट्टी. नंदीध्वजांची मिरवणूक, मग होम मैदानावर गड्ड्याची जत्रा. श्रीनूच्या पोरांना पाळण्यात बसवायचं काम माझ्याकडे असतं.

फेब्रुवारी, खडू

टेनिस कोर्टवर सर्व्हिस. सोलापुरात टेनिस चांगलं रुजलंय, आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या (आयटीएफ) महिलांच्या स्पर्धाही इथे होतात, त्यामुळे कोर्ट आणि कोच दोन्ही मिळतात. एका कोर्टवर दुपारी दोन ते तीन कुणी फिरकत नाही, तो तास आम्ही धरला. टेनिसची सर्व्हिस लाइन नेटपासून 6.40 मीटरवर, म्हणजे तिच्या मागे 55 सेंटिमीटरवर खडूची रेघ मारली की झाली पॅडलची. रुंदीला टेनिसचं दुहेरीचं कोर्ट 10.97 मीटर, दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मीटर आत आलं की भागतं. नेट मधोमध तीनेक सेंटिमीटर उंच पडतं, पडू दे.

सर्व्हिस खालून करायची. रेघेच्या मागे चेंडू जमिनीवर टाकायचा, उसळला की कमरेच्या उंचीवर किंवा खाली मारायचा, तिरक्या चौकोनात. पलीकडे टप्पा पडून काचेला लागला तरी चालतो, दुसऱ्या टप्प्याआधी तारेच्या जाळीला लागला तर फॉल्ट. म्हणून कोपऱ्याच्या काचेकडे हळू, खोल सर्व्हिस हाच शहाणपणा. श्रीनू मात्र टेनिससारखी सणसणीत मारतो आणि दहातल्या सहा बाहेर घालवतो. त्याला मी मागावर नेऊन काय दाखवू, ते सुचलेलं नाही.

बांदेखा सुरू केला. स्पॅनिशमध्ये बांदेखा म्हणजे ट्रे. समोरच्याने उंच लॉब टाकला, स्मॅशला वेळ नाही, तर वेटर खांद्यापाशी ट्रे धरतो तशी रॅकेट धरून चेंडू कापत खोल टाकायचा आणि नेटजवळची जागा टिकवायची. हॉटेलात ताट घेऊन येणारा पोऱ्या बघितला की आता माझा हात वर जातो. बायकोने एकदा विचारलं, "काय मागवायलाय?"

मार्च

एका दुपारी रॅकेट गाडीच्या डिकीत राहिली. नव्या पेठेत कामाला गेलो, तीन तास गाडी उन्हात. सोलापूरचं मार्चचं ऊन कुणाला सांगायला नको. संध्याकाळी भिंतीवर मारली तर आवाज बदललेला, टणक 'टक' जाऊन 'भद'. उष्णतेने आतला फोम मऊ पडतो. गार झाल्यावर थोडी सावरली, पहिल्यासारखी झाली नाही. सोलापुरात रॅकेट घेतली तर ती लहान लेकरासारखी गाडीतून उतरवून बरोबर न्या. चेंडूचंही तेच, तापलेल्या हवेत तो जास्त उसळतो. एप्रिल-मेमध्ये खेळायचं तर सूर्य वर यायच्या आत किंवा रात्री.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुणे. सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्स्प्रेस, चौघं जण, डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी. दाजींनी प्लेओ या बुकिंगच्या ॲपवर दुपारचे दोन तास बुक केले होते. संध्याकाळपेक्षा दुपार बरीच स्वस्त, तासाला 1,000 रुपये, म्हणजे चौघांत माणशी अडीचशे. पुण्यात संध्याकाळचे तास चार दिवस आधी भरतात, बाहेरगावाहून येणाऱ्याने दुपारच धरावी आणि कोर्टवर छप्पर आहे ना ते आधी फोन करून विचारावं. आमच्या कोर्टवर नव्हतं. घसा आणि टाळू दोन्ही भाजले.

पहिल्या तासात आम्ही चौघं आपसात. दुसऱ्यात मी आणि श्रीनू, समोर भाची आणि दाजी. 6-4 हरलो. 4-4 वर भाचीने माझ्या डोक्यावरून लॉब टाकला. मी फिरलो, चेंडू बाजूने मागे गेला, टप्पा पडला. हात खिळवून ठेवला. काचेवर 'ठप्प'. मग तो इतका निवांत पुढे आला की त्याच्यावरची कंपनीची अक्षरं मला दिसली. उचलून मारला, दाजींच्या डोक्यावरून, त्यांच्या मागच्या कोपऱ्यात. तो बाजूच्या काचेला लागून मागच्या काचेला गेला आणि दाजी दोन्हींच्या मध्ये गोल फिरले. भाची म्हणाली, "मामा, कुणी शिकवलं?" श्रीनूने नेटजवळून नुसतं वळून बघितलं आणि धोटा गेल्यासारखा हात डावीकडून उजवीकडे फिरवला.

पुढचे तीन गुण मी सलग नेटमध्ये घातले, तो भाग वेगळा.

पुढची फेरी एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, या वेळी छपराखाली. जायची तिकिटं कन्फर्म आहेत, परतीचं वेटिंग 14 वर अडकलंय.